लाल डबीतली तीन मिनिटं

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, संध्याकाळी सातच्या बातम्यांत, कंपनीचे एक मोठे साहेब काळा सूट घालून उभे राहिले, कमरेतून वाकले, आणि किसाबुरो मोगींच्या घरातला रेकॉर्डर वारला.

म्हणजे तसा तो चालू होता. टीव्हीखालच्या कप्प्यात त्याचा हिरवा दिवा लागलेला होता आणि घड्याळ सात वाजून चार मिनिटं दाखवत होतं. पण एचडी डीव्हीडी हा प्रकार कंपनी आता बंद करते आहे, असं साहेबांनी जाहीर केलं. नवे रेकॉर्डर निघणार नाहीत. ब्ल्यू-रेवाले जिंकले. दोन्ही डिस्क दिसायला सारख्या, दोन्हींत चित्र सारखंच स्वच्छ. फरक इतकाच की एकीची डबी लाल, दुसरीची निळी, आणि एकीच्या यंत्रात दुसरी चालत नाही. एवढ्यावरून दोन मोठे कंपू दोन वर्षं भांडत होते. त्या भांडणात किसाबुरोंचं घर लाल बाजूला होतं.

त्यांच्या हातात नूडल्सचा वाडगा होता. तो त्यांनी खाली ठेवला, टीव्हीशेजारच्या देव्हाऱ्यातल्या सुमिएच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "हरलो आपण."

सुमिएला जाऊन अडीच महिने झाले होते. ती काही बोलली नाही. असती तर बोलली असती. "मी निळा घ्या म्हणत होते," असं म्हणाली असती, आणि ते खरं होतं.

आदल्या जूनमध्ये कोपऱ्यावरच्या शिनोझाकींच्या विजेच्या दुकानात दोघं रेकॉर्डर बघायला गेली होती. सुमिएने निळ्या बाजूच्या यंत्रावर हात ठेवला. का, तर त्याचं झाकण पडद्यांना शोभत होतं. त्यावर किसाबुरोंनी तिला दुकानात उभ्या उभ्या निष्ठा या विषयावर व्याख्यान दिलं. ज्या कारखान्याच्या कामावर अडतीस वर्षं आपण भात खाल्ला, त्याच्या विरोधकाचं यंत्र घरात आणायचं? गल्लीत तोंड कसं दाखवायचं? खरं तर किसाबुरो त्या मोठ्या कारखान्यात कधीच नव्हते. त्याला प्लॅस्टिकचे भाग ओतून देणाऱ्या बारा माणसांच्या एका छोट्या कारखान्यात ते साचे बनवायचे. निवृत्त होण्याआधी त्यांनी केलेला शेवटचा साचा लाल रेकॉर्डरच्या ट्रेमधल्या एका आकड्याचा, म्हणजे हुकाचा, होता. डिस्क ठेवलेला ट्रे आत ओढून घेतो तो आकडा. आकार भाताच्या शितापेक्षा थोडा मोठा. मोठ्या कारखान्यात तो कोणी बनवला हे कोणालाही माहीत नसेल. पण किसाबुरोंच्या मते लाल बाजूची सगळी लढाई त्याच आकड्याला लटकलेली होती.

बुधवारी सकाळी इगाराशीबाई आल्या. त्या गल्लीच्या मंडळाच्या प्रमुख. हातात घरोघर फिरणारी नोटिशीची पाटी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या लांब पांढऱ्या कांद्यांची जुडी.

"काय बोलावं सुचत नाही, मोगी-सान," त्या दारातच म्हणाल्या. "इतकं अचानक! काही वयसुद्धा नव्हतं हो त्याचं."

"आठ महिने."

"अरेरे."

त्या खालच्या मानेने गेल्या. सुमिएच्या वेळीही त्या हेच म्हणाल्या होत्या, कांदेही एवढेच आणले होते. किसाबुरोंना राग आला नाही. दुःखाला माणसाकडे शब्द ठरावीकच असतात, आणि हिवाळ्यात आमच्या भागात कांद्याशिवाय दुसरं काही पिकत नाही.

दुपारी शिनोझाकी आले. त्यांनी तांदळाच्या कुरकुरीत वड्यांचा डबा पुढे ठेवला आणि कपाळ जवळजवळ चटईला टेकवलं.

"मोगी-सान, तुम्हाला तोंड दाखवायची माझी लायकी नाही."

"मीच मागितला होता."

"तरी विकला मी."

"उलट तुम्हीसुद्धा निळाच घ्या म्हणाला होतात. सुमिएच्या बाजूने."

"ते आठवू नका हो, आणखी वाईट वाटतं." शिनोझाकींनी घाम पुसला. फेब्रुवारीत. "ऐका. हायवेवरचं मोठं दुकान लाल यंत्र घेऊन निळं देणार आहे. मी पण देतो. आजच बदलून टाकू."

"आणि डिस्क?"

"कुठली डिस्क?"

किसाबुरोंनी देव्हाऱ्याच्या खणातून लाल डबी काढली आणि चटईवर ठेवली. तिच्यावर साचे बनवणाऱ्या माणसाच्या नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'सुमिए, टीव्ही, ३ मि.'

शिनोझाकींनी ते दोनदा वाचलं.

गोष्ट अशी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमिए टीव्हीवर आली होती. आपल्या भागातलं छोटं केंद्र, सकाळचा कार्यक्रम, विषय घराघरांतलं कांद्याचं मिसो. सुमिए सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोमध्ये भाजलेला कांदा घालून एक चटणीसारखं करायची आणि गल्लीभर वाटायची. कोणीतरी केंद्राला तिचं नाव कळवलं. माइक घेतलेली एक मुलगी आली, चव घेऊन "अप्रतिम!" म्हणाली, आणि गेली. किसाबुरोंनी कार्यक्रम रेकॉर्ड केला. संध्याकाळी दोघं बघायला बसली. मुलीने विचारलं, "घरच्यांना तर फारच आवडत असेल, नाही?" टीव्हीतल्या सुमिएने तोंड उघडलं, आणि घरातली सुमिए हातात पळी घेऊन टीव्हीसमोर येऊन उभी राहिली.

"बंद करा. पुढचं नको."

"का?"

"मला लाज वाटते."

"मग बघायचं कधी?"

"मी बाजारात गेले की बघा."

बायको बाजारात गेली असताना तिने नको म्हटलेलं काही करावं, हा किसाबुरोंचा स्वभाव नव्हता. त्यांचा स्वभाव यंत्राबरोबर आलेलं पुस्तक पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याचा. त्यात लिहिलं होतं की महत्त्वाचं चित्रीकरण यंत्राच्या पोटात ठेवू नये, डिस्कवर न्यावं. त्यांनी नेलं. आता त्या काळी टीव्हीवरून घेतलेल्या स्वच्छ चित्राला एक सरकारमान्य नियम होता: यंत्राच्या पोटातून डिस्कवर ते एकदाच जाणार, आणि गेलं की पोटातलं पुसलं जाणार. डिस्कवरून पुढे कुठेही जाणार नाही. पुस्तकातल्या त्या वाक्याखाली किसाबुरोंनी रेघसुद्धा मारली होती. नियम चांगला वाटला त्यांना. उगाच जिकडेतिकडे प्रती कशाला?

तीन आठवड्यांनी सुमिए बाजारात गेली, टोफूच्या दुकानासमोर डोकं धरून खाली बसली, आणि उठली नाही.

त्यानंतर डिस्क लावून बघण्याचा त्यांना धीर झाला नाही. बाजारात गेलेली बायको तासाभरात परत येणार असते, म्हणून तर तिच्या पाठीमागे काही बघायचं. परत यायचंच नसेल तर घाई कशाची? त्यांनी डबी देव्हाऱ्यात ठेवली.

पण सासूबाई होत्या. सुमिएची आई, वय एक्याण्णव, नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात. ऑक्टोबरात कमरेचं हाड मोडल्यापासून त्या पलंगाला खिळलेल्या. लेकीच्या अंत्यविधीला त्यांना येता आलं नव्हतं. जानेवारीत, एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाल्यावर किसाबुरो त्यांना भेटायला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "टीव्हीवर आली होती म्हणे सुमिए. मला दाखवा."

"दाखवतो, आई. ऑगस्टच्या आत दाखवतो." ऑगस्टमध्ये बॉन. सुमिए गेल्यानंतरचा पहिला. त्या दिवसांत ती पितरांबरोबर घरी येणार, तर त्याआधी आईची भेट झालेली बरी, असा त्यांचा हिशेब. सात महिने हातात होते. तीन मिनिटांच्या कामाला सात महिने पुष्कळ झाले, असं कोणालाही वाटेल.

"म्हणजे यंत्र बदललं," शिनोझाकी सावकाश म्हणाले, "तर ही डिस्क चालणार नाही."

"नाही."

"आणि दुसऱ्या डिस्कवर जाणार नाही."

"नाही. पान एकशे अठरा."

शिनोझाकींनी वड्यांचा डबा आणखी थोडा पुढे सरकवला.

ही बातमी इगाराशीबाईंच्या कानावर गेली आणि पुढल्या आठवड्याच्या पाटीवर, कचऱ्याचे वार आणि गटार सफाईची तारीख यांच्या मधोमध, एक ओळ आली: 'मोगी यांच्याकडील डिस्कवर कोणास उपाय माहीत असल्यास खाली लिहावे.' पाटी अकरा घरं फिरून, वाचल्याचे अकरा शिक्के घेऊन किसाबुरोंकडे आली. कोणी लिहिलं होतं की डिस्क फडक्यात गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. कोणी लिहिलं होतं की पुतण्या टोकियोला कॉम्प्युटरमध्ये आहे, विचारतो, पण तो फोन उचलत नाही. टोफूवाल्याने फक्त 'क्षमस्व' लिहिलं होतं. आपल्या दुकानासमोर झालं याचं ओझं तो बिचारा अजून वागवत होता. आणि एकाने, नाव न घालता: 'आमचाही लाल होता. निळा बदलून घेतला. उत्तम चालतो.' गल्लीत आणखी दोनच घरी लाल यंत्र होतं. हा कोण ते किसाबुरोंना पहिल्या अक्षरावरून कळलं. त्यांनी आपला शिक्का मारला, जरा जोरात, आणि पाटी पुढे दिली.

मार्चमध्ये त्यांनी टीव्ही केंद्राला फोन केला. बाई गोड आवाजाच्या होत्या.

"जुना कार्यक्रम हवा असेल तर त्यात दिसलेल्या व्यक्तीचं संमतीपत्र लागेल."

"ती वारली."

"आमच्या मनापासून संवेदना. मग संमती कोण देणार?"

"मी. नवरा."

"नवरा असल्याचा दाखला लागेल."

चौतीस वर्षं नवरा असून त्याचा दाखला आपल्याजवळ नाही, हे किसाबुरोंना त्या दिवशी कळलं. ते नगरपालिकेत गेले. कुटुंबाच्या नोंदीची नक्कल मागण्याच्या अर्जावर 'कशासाठी' असा रकाना होता आणि चार चौकोन: पेन्शन, विमा, वारसा, इतर. 'इतर'वर खूण करून पुढे कारण लिहायचं होतं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, 'बायकोला बघण्यासाठी.' खिडकीतल्या कारकुनाने ते वाचलं, वर बघितलं नाही, आणि शिक्का मारला. नकलेत सुमिएचं नाव होतं, आणि त्यावर ती आता नसल्याची खूण होती. ती पाकिटात घालून किसाबुरोंनी पाठवून दिली.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. जाड कागद, नम्र भाषा. आपण विचारणा केलेली टेप नियमानुसार पुन्हा वापरण्यात आली असून तिच्यावर सध्या पाळीव सशांची निगा हा कार्यक्रम आहे. तो हवा असल्यास मिळू शकेल. मात्र त्यातील व्यक्तीचं संमतीपत्र लागेल.

म्हणजे आता सगळ्या जगात सुमिए फक्त त्या लाल डबीत उरली.

एप्रिलमध्ये त्यांचा जुना कारखाना बंद झाला. ट्रेचं काम गेलं आणि दुसरं मिळालं नाही. निरोपाच्या जेवणाला किसाबुरोंना बोलावलं होतं. मालकांनी सगळ्यांपुढे मान लववली. साचे भंगारात गेले, असं कोणीतरी सांगितलं. किसाबुरोंनी "हो का" म्हटलं आणि समोरची मासळी संपवली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मात्र शिनोझाकी भर उन्हात सायकल मारत आले. हातात पत्रक.

"मोगी-सान! नियम बदलला! आता एकाच्या दहा प्रती!"

किसाबुरोंनी त्यांना बसवलं, गार बार्लीचा चहा दिला, आणि दोघांनी पत्रक वाचलं. बारीक अक्षरं आली तेव्हा शिनोझाकींचा आवाजही बारीक झाला. दहा प्रती खऱ्या, पण या जुलैपासून पुढे रेकॉर्ड केलेल्याच्या.

"मागच्या वर्षीच्याचं?"

"मागच्या वर्षीच्याला... मागच्या वर्षीचाच नियम."

"म्हणजे ती यंदा टीव्हीवर आली असती तर दहा मिळाल्या असत्या."

शिनोझाकींनी चहा संपवला. पेल्यात काही उरलं नव्हतं तरी आणखी एकदा तोंडाला लावला.

मग किसाबुरोंनी ठरवलं, डिस्क कुठे जात नसेल तर अख्खं यंत्रच सासूबाईंकडे न्यायचं. इतका साधा उपाय अकरा घरांत कोणालाही सुचला नव्हता, याचं त्यांना जरा समाधानही वाटलं. रेकॉर्डर दुलईत बांधला, सायकलच्या मागे दोरीने आवळला, आणि भर दुपारी नदीवरचा पूल ओलांडून ते वृद्धाश्रमात पोचले. सदरा पाठीला चिकटलेला.

काउंटरवरची मुलगी उभी राहिली. "ही विजेची वस्तू आहे का? मग हिरवा स्टिकर लागेल. तपासणी झाल्याचा."

"मग करा तपासणी."

"तपासनीस तीन महिन्यांतून एकदा येतात. आता सप्टेंबरच्या शेवटी."

"तीन मिनिटांचं काम आहे. सासूबाई एक्याण्णव वर्षांच्या आहेत हो."

"आमच्याकडे एकशे दोनच्याही आहेत," मुलगी धीर देत म्हणाली.

सासूबाईंना पलंगावरून काचेतून ते दिसत होते. किसाबुरो दुलई बाहेरच ठेवून आत गेले.

"काय आणलंय ते? भाताचा कुकर?"

"नाही, आई. सुमिएचं यंत्र."

"मग आणा की आत."

"स्टिकर नाही."

"तुम्ही लग्नाआधी मला विचारायला आलात," त्या म्हणाल्या, "तेव्हा पण दारात असेच उभे होतात. घंटा वाजवली नाही म्हणून. वाजवू नये अशी पाटी होती म्हणे. ती शेजारच्यांची होती."

परत येताना पुलाच्या सांध्यावर सायकल आदळली. घरी यंत्र लावून किसाबुरोंनी बटण दाबलं. ट्रे अर्धा बाहेर आला, 'टक्' असा आवाज झाला, आणि तो तिथेच थांबला.

यंत्राच्या पाठीवर चिकटपट्टी होती: उघडल्यास कंपनी जबाबदार नाही. आयुष्यात पहिल्यांदा किसाबुरोंनी असली पट्टी फाडली. आत बघितल्याबरोबर त्यांना दिसलं. त्यांचाच आकडा, मुळाशी तडकलेला. त्या जागी कोपरा अजून थोडा गोल हवा होता. हे त्यांना साचा करतानाच वाटलं होतं. पण शुक्रवार होता, सुट्टीआधी साचा द्यायचा होता, आणि ते स्वतःशी म्हणाले होते, चालेल. बारा माणसांच्या कारखान्यात चूक झाली तर ती कोणाची हे शोधावं लागत नाही.

चिमट्याने आकडा काढून त्यांनी तो गोंदाने चिकटवला, दोन दिवस वाळवला, परत बसवला. ट्रे आत गेला, बाहेर आला. पण आता यंत्र सायकलवर चढवण्याची सोय नव्हती.

"तुम्ही पण ना, मोगी-सान," इगाराशीबाई म्हणाल्या. ऑगस्ट लागला होता, त्या बॉनच्या कंदिलांची वर्गणी गोळा करत होत्या. "आमच्या ह्यांचा व्हिडिओ कॅमेरा देते. पडद्यासमोर धरायचा आणि घ्यायचं. त्याला छोटा पडदा पण आहे, तोच नेऊन दाखवा. बॅटरीवर चालतो, स्टिकर नको न् काही नको."

"ते बेकायदेशीर आहे."

"स्वतःच्या घरात स्वतःच्या बायकोला बघणार तुम्ही. पोलीस आले तर मी त्यांना चहा करते."

किसाबुरोंनी चार दिवस विचार केला. बाराव्या तारखेला, बॉनच्या आदल्या दिवशी, दुपारी एक वाजता त्यांनी पंखा बंद केला, कारण पंख्याचा आवाज आला असता. पंखा बंद केल्यावर खिडकी उघडी ठेवावी लागली, कारण बाहेर अडतीस अंश होतं. कॅमेऱ्याचा स्टँड हरवलेला होता. म्हणून ते टीव्हीसमोर गुडघे मोडून ताठ बसले, कॅमेरा दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि डिस्क लावली.

सुमिए आली. तपकिरी ॲप्रन, केस नुकतेच कापलेले. ती कांदा जाळावर फिरवत होती आणि माइकवाल्या मुलीला सांगत होती की वरचा थर काळा झाला तरी घाबरायचं नाही. कॅमेरा हलू नये म्हणून किसाबुरोंनी कोपरं बरगड्यांना दाबून धरली. मुलीने चव घेतली. "अप्रतिम! घरच्यांना तर फारच आवडत असेल, नाही?"

सुमिए हसली. या वेळी मध्ये पळी घेऊन कोणी उभं राहिलं नाही.

"ते? ते काही बोलत नाहीत हो. चौतीस वर्षं झाली, चांगलं झालंय असं एकदासुद्धा म्हणाले नाहीत. पण..."

आणि गल्लीत भंगाराची गाडी शिरली. कर्ण्यातून बाईचा आवाज: "जुने टीव्ही, जुने रेकॉर्डर, बिघडलेले असले तरी चालतील, फुकट नेतो! जुने टीव्ही, जुने रेकॉर्डर..." गाडी बरोबर खिडकीखाली आली आणि वळण घेण्यासाठी थांबली. पडद्यावर सुमिएचे ओठ हलत होते. ती एकदा कॅमेऱ्याकडे बघून लाजलीसुद्धा. गाडी पुढे गेली तेव्हा ती निरोपासाठी वाकत होती.

तीन मिनिटं संपली. दीड वाजत आला होता. आश्रमात भेटायची वेळ दोन ते तीन, आणि उद्यापासून बॉनचे तीन दिवस भेटी बंद. संध्याकाळी शांतपणे परत लावू, पुढचं तेव्हा ऐकू, असं किसाबुरोंनी ठरवलं. डिस्क यंत्रात ठेवून घराबाहेर जाऊ नये, तिच्या डबीत ठेवावी. पान चौतीस. त्यांनी बटण दाबलं.

टक्.

ट्रे दोन बोटं बाहेर आला आणि अडकला. आत जाईना, बाहेर येईना. फटीतून डिस्कची चकचकीत कड दिसत होती.

सासूबाईंना एक कान जरा बरा आहे. किसाबुरोंनी त्या कानात इअरफोन घातला, कॅमेऱ्याचा छोटा पडदा उघडून त्यांच्या समोर धरला आणि स्वतः शेजारच्या स्टुलावर बसले. चित्र सुरू झालं. तेव्हा त्यांना दिसलं की टीव्हीच्या काचेत खिडकीचा उजेड पडला होता, आणि त्या उजेडात बरोबर सुमिएच्या अंगावर, छातीशी काहीतरी धरून ताठ बसलेल्या एका माणसाची काळी सावली.

"हा काळा माणूस कोण?"

"मी आहे, आई. काचेत पडलोय."

"मध्ये काय बसलाय तुम्ही? सरका जरा. मला पोर दिसत नाही."

किसाबुरोंनी स्टूल वीतभर बाजूला घेतलं.

"हं," सासूबाई म्हणाल्या, आणि पडदा डोळ्यांजवळ ओढून घेतला. त्यांचे ओठ कांद्याबरोबर हलत होते; ती चटणी मुळात त्यांचीच. अचानक त्या दचकल्या. "काय फुकट नेतायत?"

"जुने रेकॉर्डर."

"मग देऊन टाका की." त्या परत पडद्याकडे वळल्या. "ती काय म्हणाली? पण काय?"

"ऐकू आलं नाही."

"तुम्हाला पण?"

"मला पण."

"तुम्हाला आवडायचं की नाही तिचं मिसो?"

"आवडायचं."

"मग तेव्हा बोलायला काय झालं होतं?"

किसाबुरोंनी गुडघ्यावरचा रुमाल घडी घालून परत तसाच ठेवला.

"परत लावा," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी चार वेळा पाहिलं. प्रत्येक वेळी त्या म्हणाल्या, "सरका," आणि प्रत्येक वेळी किसाबुरो सरकले. चौथ्या वेळी स्टूल भिंतीला टेकलं. तीन वाजले, घंटा झाली. निघताना त्यांनी वाकून नमस्कार केला तेव्हा सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, "पुढचं ऐका आणि मला येऊन सांगा. खोटं सांगू नका. तुम्हाला खरं बोलता येत नाही, खोटं कुठून येणार."

बॉन झाला. दारात कंदील लागला, सुमिए आली असेल, गेली असेल. दुरुस्ती केंद्राकडून छापील पत्र आलं: यंत्र पाठवण्यापूर्वी आतील डिस्क काढून घ्यावी, डिस्क आत असलेलं यंत्र स्वीकारलं जाणार नाही. शिनोझाकी पक्कड घेऊन आले होते. पक्कड लावली तर डिस्कवर चरा येईल, म्हणून किसाबुरोंनी त्यांना चहा देऊन परत पाठवलं. नवा आकडा बसला तर ट्रे आत जाईल, हे त्यांना ठाऊक आहे. साचा भंगारात गेला आहे, पण मापं डोक्यात आहेत. सुमिएच्या भाताच्या प्लॅस्टिकच्या डावाचा दांडा कापून ते आकडे घासतात, या वेळी कोपरा गोल ठेवून. तीन मोडले. दांडा अजून चार बोटं शिल्लक आहे.

सप्टेंबर संपला. तपासनीस येऊन आश्रमातल्या सगळ्या वस्तूंना हिरवे स्टिकर लावून गेले. दर रविवारी किसाबुरो नदीपलीकडे जातात आणि सासूबाई विचारतात, "ऐकलंत?" ते म्हणतात, "अजून नाही." रेकॉर्डर दोन बोटं ट्रे बाहेर काढून टीव्हीखाली बसला आहे. चौथा आकडा घासून व्हायचा आहे, आणि 'पण'च्या पुढे सुमिए काय म्हणाली ते ऐकायचं राहिलं आहे.